दोर, थर आणि सराव : मुंबई उपनगरांतील दहीहंडी व साहसी खेळांच्या सुरक्षिततेचा इतिहास

प्रस्तावना

साहसी खेळ हा शब्दप्रयोग उच्चारताच आजच्या शहरी तरुणाच्या डोळ्यांसमोर बंजी जम्पिंग, झिपलाइन, पॅराग्लायडिंग असे आयात खेळ उभे राहतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत राहणाऱ्या तरुणाला बंजीची खरी उडी मारावयाची असेल तर उपनगराबाहेर जावे लागते. गोव्यातील डिचोली तालुक्यात मये तलावाच्या काठी २०१८ साली गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या सहभागाने सुरू झालेले ५५ मीटर उंचीचे केंद्र हे त्याचे एक उदाहरण. उपनगरातील मॉलमध्ये लहान मुलांना कमरेला रबरी पट्टे बांधून जाळीवर उडविण्याचा जो प्रकार चालतो, त्याला बंजी म्हणणे म्हणजे हौदात पोहण्याला समुद्र ओलांडणे म्हणण्यासारखे आहे.

तथापि उंचीवरून पडण्याची जोखीम स्वेच्छेने पत्करण्याचा एक खेळ याच उपनगरांच्या गल्लीबोळांत प्रतिवर्षी खेळला जातो. महाराष्ट्र शासनाने त्यास साहसी खेळाचा दर्जाही दिलेला आहे. हा खेळ म्हणजे दहीहंडी. बंजीच्या सुरक्षिततेविषयी जगभर जे नियम तयार झाले, त्यांच्या शेजारी दहीहंडीविषयी २०१४ ते २०२५ या काळात न्यायालये, शासन व गोविंदा पथके यांनी केलेला विचार ठेवून पाहिला असता एक विसंगती ठळकपणे दिसून येते. नियमांची सारी चर्चा हंडीच्या दिवसाभोवती, थरांच्या उंचीभोवती व मुलांच्या वयाभोवती फिरत राहिली. प्रत्यक्षात ज्या पाच आठवड्यांत हा खेळ घडतो त्या सरावाकडे तिचे लक्ष फारसे गेले नाही. प्रस्तुत निबंधात या विसंगतीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

उडीचा दोर

बंजीचे मूळ पॅसिफिक महासागरातील वानुआतू देशाच्या पेंटेकॉस्ट बेटावर सापडते. तेथील पुरुष लाकडी मनोऱ्यावरून घोट्यांना वेली बांधून जमिनीच्या दिशेने झेप घेतात. रताळ्यासारख्या याम या कंदाच्या सुगीशी हा विधी जोडलेला असून तो साधारणपणे एप्रिल ते जून या महिन्यांत होतो. या काळमर्यादेमागे केवळ श्रद्धा नाही. त्या हंगामात वेलींत पुरेसा ओलावा व ताण सोसण्याची शक्ती असते. १९७४ साली इंग्लंडच्या राणीच्या भेटीनिमित्त हंगामापूर्वीच उड्या मारण्याचा घाट घातला गेला. एका तरुणाच्या वेली तुटल्या आणि तो मरण पावला. परंपरेतील सुरक्षा ही लिखित नसते, ती ऋतू, साधन आणि क्रम यांत मुरलेली असते, आणि पाहुण्यांच्या सोयीसाठी तिला धक्का लावला की ती एकाएकी नाहीशी होते. या घटनेचे स्मरण पुढील विवेचनात ठेवावे लागेल.

१ एप्रिल १९७९ रोजी ऑक्सफर्डच्या डेंजरस स्पोर्ट्स क्लबच्या सदस्यांनी ब्रिस्टल येथील क्लिफ्टन झुलत्या पुलावरून रबरी दोर बांधून उड्या मारल्या. १९८७ साली न्यूझीलंडच्या ए. जे. हॅकेट यांनी पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून उडी मारली व पुढील वर्षी नोव्हेंबरमध्ये क्वीन्सटाउनजवळील कावाराऊ पुलावर या खेळाचा नियमित व्यवसाय सुरू झाला. व्यवसाय आला की जबाबदारी कोणाची हा प्रश्न येतोच. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी बंजीसाठी संयुक्त मानक तयार केले. भारतात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या साहसी पर्यटनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत बंजीचा समावेश जमिनीवरील साहसांमध्ये केला.

या नियमांचा गाभा साधा आहे. उडी मारणाऱ्याचे वजन प्रथम करावयाचे आणि त्या वजनाला साजेसा दोर निवडावयाचा. वजन पुन्हा दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावयाचे. दोराने किती उड्या सोसल्या याची नोंद ठेवावयाची व ठराविक संख्येनंतर तो बाद करावयाचा. घोट्यांच्या बांधणीसोबत कमरेला वेगळे हार्नेस द्यावयाचे, म्हणजे एक बंध निसटला तरी दुसरा उरतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, डोळ्यांच्या पडद्याचे विकार, पाठीच्या कण्याची दुखापत अथवा गर्भावस्था असल्यास परवानगी नाकारावयाची. उडी मारणाऱ्याकडून कौशल्याची अपेक्षा नसते. त्याने केवळ पडावयाचे असते. सुरक्षा पूर्णतः साधनात व साधन हाताळणाऱ्याच्या शिस्तीत असते. म्हणूनच या शिस्तीत कसूर झाली की परिणाम टाळण्याची संधी उरत नाही. २००९ साली बंगळुरू येथे क्रेनवरून मारलेल्या बंजी उडीत एका तरुणाला प्राण गमवावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यात झिपलाइनवर एका तरुणीचा मृत्यू झाला, तो दोरावरून घसरत जाताना नव्हे. फलाटावर उभे राहून कडी अडकविण्याच्या खटपटीत ती खाली कोसळली. अपघात पुष्कळदा खेळाच्या मध्यात होत नाही. तो तयारीत होतो किंवा आवराआवरीत होतो.

गिरणगावातून उपनगरांकडे

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, श्रावण वद्य नवमीस, गोपाळकाल्याचा उत्सव साजरा करण्याची प्रथा महाराष्ट्रात व कोकणात जुनी आहे. वारकरी संप्रदायात काल्याच्या कीर्तनाशिवाय सप्ताहाची सांगता होत नाही. मुंबईत हा उत्सव कोकणातून पोटासाठी आलेल्या चाकरमान्यांबरोबर रुजला. गिरगाव, लालबाग, परळ, माझगाव येथील चाळींच्या दोन इमारतींमध्ये दोर ताणून हंडी बांधावयाची, वाडीतल्या पोरांनी एकमेकांच्या खांद्यावर चढून ती फोडावयाची आणि वरून पडणाऱ्या पाण्यात सर्वांनी नाचावयाचे, असे तिचे स्वरूप होते. हंडीची उंची चाळीच्या मजल्याने ठरत असे. पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपेक्षा वर दोर बांधण्यास जागाच नसे. उंचीवर मर्यादा घालणारा हा वास्तुशास्त्रीय नियम कोणत्याही शासकीय परिपत्रकापेक्षा परिणामकारक होता, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

उपनगरांचा इतिहास या संदर्भात लक्षात घ्यावयास हवा. बृहन्मुंबईची हद्द १९५० साली अंधेरी व घाटकोपरच्या परिसरापर्यंत, तर १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. १ ऑक्टोबर १९९० पासून मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. दरम्यान १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले आणि त्या संपानंतर गिरणगावाची वीण उसवत गेली. अनेक कुटुंबे जोगेश्वरी, भांडुप, घाटकोपर, दहिसर या भागांत व त्याही पलीकडे सरकली. माणसांबरोबर त्यांचे उत्सवही सरकले. चाळीची गॅलरी मात्र मागे राहिली. उपनगरातील रुंद चौकांत, मैदानांत आणि पुढे उड्डाणपुलांच्या शेजारी हंडी टांगण्यासाठी क्रेन आली. क्रेनला मजला नसतो.

क्रेनबरोबरच प्रायोजक आले. नव्वदच्या दशकानंतर आणि विशेषतः २००० नंतर घाटकोपर, ठाणे येथे राजकीय पुढाऱ्यांच्या प्रतिष्ठानांनी हंड्यांना लाखो रुपयांची बक्षिसे लावली. एकाच दिवशी ट्रक व मोटारसायकलींवरून अनेक ठिकाणी जाऊन थर लावावयाचे, प्रत्यक्ष हंडी न फोडता केवळ थर रचून ‘सलामी’ द्यावयाची आणि थरांच्या संख्येनुसार मानधन घ्यावयाचे, ही पद्धत रूढ झाली. १० ऑगस्ट २०१२ रोजी ठाण्यातील वर्तकनगर येथे जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने नऊ थर रचून १३.३४ मीटर, म्हणजे ४३.७९ फूट उंची गाठली व गिनेस विश्वविक्रमात नोंद केली. यापूर्वीचा विक्रम स्पेनमधील कातालोनिया प्रांतातील पथकाच्या नावावर १९८१ पासून होता.

येथे बंजी व दहीहंडी यांतील एक मूलभूत भेद नोंदविणे आवश्यक आहे. बंजीमध्ये सहभागी होणारा पैसे मोजतो; त्यामुळे पैसे घेणाऱ्यावर त्याच्या सुरक्षेचे दायित्व येते आणि ते ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत तपासता येते. दहीहंडीत याच्या अगदी उलट, आयोजक सहभागी होणाऱ्याला पैसे देतो आणि उंची वाढली की ते वाढतात. पथकातील मुलगा ग्राहक नाही, कामगार नाही आणि स्पर्धेचा नोंदणीकृत खेळाडूही बहुधा नसतो. त्याच्या आईवडिलांनी कोणत्याही अर्जावर सही केलेली नसते, कारण पथकाचा दादा हा त्यांच्याच वाडीतला, त्यांच्या ओळखीतला असतो. ओळखीवर उभारलेली ही व्यवस्था बळकट आहे. गल्लीतला दादा आपल्या पोराला पडू देणार नाही, हा विश्वास खोटा नसतो. अडचण एवढीच की, या विश्वासाची तपासणी कधी होत नाही.

न्यायालयाची मोजपट्टी

मृत्यू व कायमचे अपंगत्व यांच्या बातम्या वाढू लागल्यावर हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. सामाजिक कार्यकर्त्या स्वाती पाटील यांच्या याचिकेवर ११ ऑगस्ट २०१४ रोजी न्या. व्ही. एम. कानडे व न्या. पी. डी. कोदे यांच्या खंडपीठाने आदेश दिला. थरांची उंची २० फुटांपेक्षा अधिक असू नये, १८ वर्षांखालील मुलांना सहभागी करू नये आणि संरक्षक साधने वापरावीत, असा त्याचा आशय होता. तीनच दिवसांनी, १४ ऑगस्ट रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पथकाच्या याचिकेवर उंची व वयाच्या निर्बंधांस स्थगिती दिली. याच दिवसांत नवी मुंबईतील सानपाडा येथे सरावादरम्यान १४ वर्षांच्या मुलाचा पडून मृत्यू झाला होता.

ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २० फूट व १८ वर्षे ही मर्यादा शिथिल करण्यास नकार दिला. त्यावर उमटलेली प्रतिक्रिया मुंबईच्या सार्वजनिक जीवनाच्या अभ्यासकाला रोचक वाटावी अशी आहे. दादरमध्ये गोविंदांनी शिडी लावून हंडी फोडली व ठाण्यात एका राजकीय पक्षाने कायदाभंगाची हंडी जाहीर करून नऊ थर लावले. पुढे १ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाकडे पाठविले. ७ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. भूषण गवई व न्या. मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठाने थरांच्या उंचीवर निर्बंध घालणे हा विधिमंडळाच्या अधिकारातील विषय असल्याचे म्हटले आणि १४ वर्षांखालील मुलांना सहभागी करून घेतले जाणार नाही हे शासनाचे निवेदन स्वीकारले.

२० फूट या आकड्याचा अर्थ थरांच्या भाषेत काय होतो? २०१२ च्या विक्रमात नऊ थरांची उंची ४३.७९ फूट भरली होती. म्हणजे ढोबळ सरासरीने एक थर पावणेपाच ते पाच फुटांचा. या हिशेबाने २० फुटांत जेमतेम चार थर बसतात. पथकांच्या दृष्टीने चार थर हे बालगोपाळांचे काम. म्हणून मर्यादा घालणारा आदेश त्यांना खेळ बंद करणारा वाटला. दुसऱ्या बाजूने पाहता, सहाव्या थरावर उभ्या असलेल्या मुलाचे पाय जमिनीपासून सुमारे २४ फुटांवर असतात. तेथून मोकळेपणी पडणारे शरीर सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर आदळते व त्या क्षणी त्याचा वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक असतो. डोके डांबरी रस्त्यावर आपटल्यास या वेगापुढे तरुण शरीराची लवचीकता उपयोगी पडत नाही. न्यायालयाची चिंता आणि पथकांचा आक्षेप या दोहोंना आधार होता. चुकीची होती ती मोजपट्टी. उंची मोजणे सोपे असते म्हणून ती मोजली गेली.

गिर्यारोहकांचा दोर

मुंबईच्या उपनगरांत उंचीशी खेळण्याची एक दुसरी, अधिक शांत परंपराही आहे. १९५४ साली स्थापन झालेली गिरिविहार ही मुंबईतील जुनी गिर्यारोहण संस्था. मुलुंडची चक्रम हायकर्स १९८० च्या दशकातली. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या कातळांवर गिर्यारोहकांच्या पिढ्यांनी प्रस्तरारोहणाचा सराव केला. या परंपरेतील मूलभूत शिस्त म्हणजे बिले. चढणाऱ्याच्या कमरेचा दोर खाली किंवा वर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाच्या हातात असतो, आणि त्या दुसऱ्या माणसाचे काम केवळ दोर सांभाळणे हेच असते. तो गप्पा मारीत नाही, फोटो काढीत नाही. चढणारा व दोर धरणारा यांच्यात ठरलेल्या आज्ञांची देवाणघेवाण झाल्याखेरीज पाय उचलावयाचा नाही, हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी शिकविले जाते.

उंच हंड्यांच्या ठिकाणी सर्वांत वरच्या मुलाला, म्हणजे ‘एक्क्या’ला, क्रेनवरून सोडलेल्या दोराला हार्नेसने बांधण्याची जी पद्धत आली, ती याच शिस्तीची उसनवारी होय. थर कोसळले तरी एक्का दोरावर लोंबकळत राहतो व त्याला सावकाश खाली घेता येते. हे साधन मुलांचे प्राण वाचवू शकते याविषयी शंका नाही. परंतु त्याचे संरक्षण एका मुलापुरते असते. त्याच्या खालच्या थरांतील मुलांना दोर नसतो, मधल्या थरांवर वरचे थर कोसळतात, आणि तळाच्या थरातील माणसांच्या मानेवर व पाठीवर साऱ्यांचे वजन येते. शिवाय दोर धरणारा माणूस बिले जाणणारा आहे काय, हे कोणी विचारीत नाही.

गिर्यारोहणाच्या क्षेत्रातही नियमनाचा मार्ग न्यायालयातूनच गेला. हिमालयातील मोहिमेत मुलगा गमावलेल्या पालकांच्या जनहित याचिकेमुळे शासनास साहसी उपक्रमांसाठी नियम करावे लागले. २०१४ च्या शासन निर्णयावर गिर्यारोहण संस्थांनी हरकती घेतल्या, २०१८ साली नवा शासन निर्णय आला आणि २०२१ साली पर्यटन विभागाने साहसी पर्यटन धोरण जाहीर करून जमीन, पाणी व हवेतील साहसांच्या आयोजकांना नोंदणी आवश्यक केली. या धोरणाचा रोख शुल्क घेऊन साहस पुरविणाऱ्यावर आहे. दहीहंडीचे पथक त्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे बारा जणांना कर्नाळ्याला नेणाऱ्या संस्थेला प्रशिक्षित नेता, प्रथमोपचार पेटी व नोंदणी यांची चिंता करावी लागते, आणि दोनशे जणांचे नऊ थर रचणाऱ्या पथकाला ती करावी लागत नाही, असे चित्र निर्माण झाले आहे.

सराव

गोविंदा पथकांच्या वर्षाची सुरुवात गुरुपौर्णिमेपासून होते. त्या दिवशी सरावाचा नारळ फुटतो आणि श्रावण वद्य नवमीपर्यंत सराव चालतो. २०२५ साली गुरुपौर्णिमा १० जुलै रोजी व दहीहंडी १६ ऑगस्ट रोजी होती; म्हणजे खेळाचा एक दिवस आणि सरावाचे पाच आठवडे. पथकातील मुले दिवसा नोकरीला किंवा महाविद्यालयात जातात. सराव रात्री होतो, वाडीच्या आवारात, शाळेच्या पटांगणात, कधी रस्त्यावर. दिवस पावसाचे. जमीन ओली, अंग ओले, प्रकाश अपुरा. क्रेन हंडीच्या दिवशी आयोजक आणतो. सरावाच्या रात्री ती परवडत नाही. क्रेन नाही म्हणून दोर नाही, दोर नाही म्हणून हार्नेस नाही. पोलीस, रुग्णवाहिका, डॉक्टर, वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे, ही सारी हजेरी हंडीच्या दिवसापुरती.

आणि तरीही सराव हाच या खेळाचा प्राण आहे. बंजीमध्ये सुरक्षा दोरात असते, दहीहंडीत ती माणसांच्या अंगवळणी पडलेल्या हालचालींत असते. खांद्यावर पाय नेमका कोठे ठेवावयाचा, मान कशी आत घ्यावयाची, वरचा डळमळला तर आपण न हलता कसे उभे राहावयाचे, थर उतरविताना घाई कशी करावयाची नाही, हे रोजच्या सरावानेच येते. सराव कमी करा म्हणणे म्हणजे अपघात वाढवा म्हणण्यासारखे होईल. ज्या क्रियेतून सुरक्षा निर्माण होते तीच क्रिया सर्वांत असुरक्षित परिस्थितीत केली जाते, ही या खेळाची खरी कोंडी आहे.

कातालोनियातील मानवी मनोऱ्यांचा, म्हणजे ‘कास्टेल’चा इतिहास येथे उपयोगी ठरतो. युनेस्कोने २०१० साली त्यास मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथेही वर चढणारी मुलेच असतात. २००६ साली मातारो येथे मनोरा कोसळून एका १२ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. त्यानंतर वरच्या थरांतील मुलांसाठी खास बनविलेली हेल्मेट वापरात आली व ती सरावातही वापरली जाऊ लागली. हा बदल शासनाने लादण्यापूर्वी पथकांच्या आपल्या संघटनेतून घडला, हे महत्त्वाचे आहे. गुणदानाची पद्धतही वेगळी आहे. तेथे मनोरा रचला गेला एवढ्याने पूर्ण गुण मिळत नाहीत. तो नीट उतरविला तरच पूर्ण मानला जातो. चढविताना यशस्वी होऊन उतरविताना कोसळला तर गुण कमी. आपल्याकडे मटकी फुटली की काम फत्ते, खालचे ढोल तत्क्षणी वाजू लागतात, आणि वरचे तीन थर अजून उतरावयाचे असतात. उत्सवाच्या नियमात एवढाच एक शब्द बदलला, बक्षीस थर लावण्याला नव्हे तर उतरविण्याला दिले, तर पुष्कळ काही बदलू शकेल. त्यासाठी न्यायालयाची गरज नाही.

१० ऑगस्ट २०२५ च्या रात्री दहिसर पूर्वेकडील केतकीपाडा परिसरात सरावादरम्यान सहाव्या थरावरून पडून एका ११ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. सानपाड्याच्या घटनेला तेव्हा ११ वर्षे झाली होती. म्हणजे तो मुलगा त्या सुमारास जन्मला असावा. त्याच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या काळात १८ वर्षांची मर्यादा आली, स्थगित झाली, पुन्हा लागू झाली आणि १४ वर्षांवर स्थिरावली. तो १४ वर्षांचाही नव्हता. नियम अस्तित्वात होता, परंतु त्या रात्री त्या मैदानात तो कोणाच्याही हाती नव्हता. संरक्षक साधने नव्हती, असे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. पोलिसांनी गुन्हा नोंदविला.

भरपाई, विमा आणि दहा थर

सन २०२० व २०२१ मध्ये महासाथीमुळे उत्सव झाला नाही. १८ ऑगस्ट २०२२ रोजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत दहीहंडीचा साहसी खेळांत समावेश केल्याचे आणि गोविंदांना क्रीडा कोट्यातील पाच टक्के आरक्षणाचा लाभ मिळेल असे जाहीर केले. मृत्यू झाल्यास १० लाख, दोन्ही डोळे अथवा दोन अवयव निकामी झाल्यास साडेसात लाख व एक अवयव निकामी झाल्यास पाच लाख रुपयांची मदत ठरविण्यात आली. त्या वर्षीच्या हंडीत विलेपार्ले येथे पडून जखमी झालेला २४ वर्षांचा एक गोविंदा तीन दिवसांनी मरण पावला. २०२३ साली शासनाने ५० हजार गोविंदांचा विमा उतरविला. २०२५ साली ही संख्या दीड लाखापर्यंत नेण्यात आली.

विमा असणे चांगलेच. जखमी मुलाच्या घरच्यांना रुग्णालयाच्या दारात वर्गणी काढावी लागू नये, एवढे तरी त्याने साधते. दहीहंडी समन्वय समितीसारख्या संघटनांनी ही मागणी वर्षानुवर्षे केली होती. परंतु साहसी खेळाचा दर्जा म्हणजे केवळ सवलती व भरपाई असा अर्थ झाला, तर त्या शब्दाचा अर्धा भाग गळून पडतो. बंजी, प्रस्तरारोहण किंवा पॅराग्लायडिंग यांना जेथे साहसी खेळ म्हटले जाते, तेथे प्रशिक्षकाची पात्रता, साधनांची तपासणी, अपघाताची नोंद आणि किमान वय तपासण्याची जबाबदारी असलेली व्यक्ती यांचाही त्यात समावेश गृहीत असतो. प्रत्येक पथकाने सरावाची जागा व वेळ प्रभाग कार्यालयाला कळवावी, चौथ्या थराच्या वरचा सराव मॅट व दोर असलेल्या ठिकाणीच करावा, महापालिकेने गुरुपौर्णिमेपासून आपली काही क्रीडासंकुले रात्री पथकांना पाळीपाळीने उपलब्ध करून द्यावीत आणि उपनगरांतील गिर्यारोहण संस्थांकडून दोर हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण मिळावे, या गोष्टी खर्चाच्या दृष्टीने फार मोठ्या नाहीत. एका मोठ्या हंडीच्या बक्षिसात यांपैकी बरेच काही भागू शकेल.

१६ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यात वर्तकनगरच्या त्याच मैदानात जोगेश्वरीच्या कोकण नगर गोविंदा पथकाने दहा थर रचले. त्याच दिवशी जय जवान पथकानेही दहा थर लावले. दहिसरच्या घटनेला तेव्हा सहा दिवस झाले होते. त्याच दिवशी मानखुर्द येथे हंडीचा दोर बांधताना पहिल्या मजल्यावरून पडून ३२ वर्षांच्या एका माणसाचा मृत्यू झाला. तो कोणत्याही थरावर चढलेला नव्हता.